बाहुली हातात देऊन म्हणाल्या, "कसं झोपवलं होतंत ते दाखवा": सिड्स आणि त्याचा तपास

अर्धविराम

लिहू की नको करत सहा आठवडे गेले. ताईची मुलगी, माझी भाची, झोपेत गेली. साडेतीन महिन्यांची होती. ना ताप, ना सर्दी. पहाटे चारला दूध प्यायली, ताईने खांद्यावर घेऊन ढेकर काढला आणि तिच्या कॉटमध्ये ठेवली. साडेसहाला भाओजी बघायला गेले तेव्हा ती पालथी होती, आणि गार.

हॉस्पिटल, पोलीस, शवविच्छेदन हे सगळं होणार हे कळत होतं. पण त्याच दिवशी दुपारी एक बाई घरी आल्या, मृत्यूचा तपास करणाऱ्या. त्यांच्या पिशवीत एक कापडी बाहुली होती. नाक-डोळे काही नाहीत, नुसता बाळाएवढा आकार. ती ताईच्या हातात देऊन म्हणाल्या, "कसं झोपवलं होतंत ते दाखवा." ताईने बाहुली घेतली आणि सगळ्यात आधी तिच्या मानेखाली हात दिला. कापडाच्या बाहुलीच्या मानेखाली. मी दारात उभा होतो, मला पुढचं बघवेना.

असं तीनदा. कसं ठेवलं, शेवटचं जिवंत पाहिलं तेव्हा कशी होती, आणि सापडली तेव्हा कशी होती. तिसऱ्यांदा भाओजींच्या हातात बाहुली. प्रत्येक वेळी फोटो. गादी अंगठ्याने दाबून बघितली, चादर काढून पिशवीत घातली, खोलीचं तापमान टिपलं, दुधाची बाटली नेली. घरात सिगरेट कोण ओढतं? काल रात्री कोणी दारू घेतली होती का? बाळ कधी तुमच्या पलंगावर झोपायचं का? आधी कुठलं मूल गेलंय का? या शेवटच्या प्रश्नावर भाओजी ओरडले, "आम्ही काय खुनी आहोत का?" बाई शांतपणे "नाही" म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला.

अहवाल अजून आलेला नाही. सगळे 'सिड्स, सिड्स' म्हणतात. हे नक्की काय असतं? आणि कारण सापडतच नसेल तर ही बाहुली कशाला?

रानजाई

वाचून सुन्न झाले. ताईंना सांभाळा. मला एवढंच माहीत आहे की दूध श्वासनलिकेत जाऊन असं होतं, म्हणून बाळाला कुशीवर झोपवावं. चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मदर्शी

अर्धविराम, तुमच्या ताईंनी मानेखाली हात दिला ते वाचून थांबलो. मी न्यायवैद्यक विभागात पॅथॉलॉजिस्ट होतो, आता निवृत्त. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

आधी रानजाईंचं. नाही, उलट आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालच्या नळीपाशीच राहतं, आणि बाळ ते गिळतं किंवा खोकून काढतं. पालथं केलं की हीच मांडणी उलटी होते. कुशीवरचं बाळ सहज पालथं पडतं, म्हणून कुशीवर झोपवणंही धोक्याचंच.

आता सिड्स, म्हणजे 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम'. हे एका विशिष्ट आजाराचं नाव नाही, ही सगळं शोधून झाल्यावर उरलेली जागा आहे. १९६९ साली सिअॅटलच्या परिषदेत ब्रूस बेकविथ यांनी व्याख्या मांडली: अचानक झालेला, पूर्वेतिहासावरून अनपेक्षित असलेला, आणि नीट शवविच्छेदन करूनही ज्याचं कारण सापडत नाही असा अर्भकाचा मृत्यू. १९८९ मध्ये अमेरिकेत ती बदलली. वय एक वर्षाच्या आतलं ही अट घातली, आणि मृत्यूच्या जागेची पाहणी व वैद्यकीय इतिहासाची छाननी याही सक्तीच्या केल्या. म्हणजे जागा पाहिल्याशिवाय 'सिड्स' हा शब्द लिहिण्याचा मला अधिकारच नाही.

असं का, ते सांगतो. मऊ उशीत तोंड रुतून गुदमरलेलं बाळ आणि सिड्सचं बाळ टेबलावर सारखंच दिसतं. छातीतल्या थायमस ग्रंथीवर, फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या आवरणावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके बहुतेक सिड्सच्या बाळांत सापडतात, पण ते गुदमरल्यावरही सापडू शकतात. सुरी कितीही धारदार असो, ती हा फरक दाखवत नाही. तो गादी दाखवते. चादर दाखवते. बाहुली दाखवते.

बाहुलीची पडताळणीही होते. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळतं, तिथे जांभळट डाग उठतात, पण शरीर जिथे टेकलेलं असतं तिथे दाबामुळे कातडी पांढरीच राहते. तोंड सरळ गादीत असेल तर नाका-ओठांभोवती पांढरा भाग दिसू शकतो. तो आणि घरच्यांनी दाखवलेली स्थिती जुळते का, हे आम्ही फोटो शेजारी ठेवून बघतो. आई-बाप खोटं बोलतात म्हणून नव्हे. त्या क्षणी बाळाला उचलून घेतलेलं असतं, छाती दाबलेली असते, कोणाला काही आठवत नसतं. तोंडाने सांगताना माणूस "झोपली होती" एवढंच म्हणतो. बाहुली हातात आली की हात बरोबर जागी जातात. तुमच्या ताईंचा गेला तसा.

अहवालाला वेळ का लागतो? सुरी लावण्याआधी सर्वांगाचे एक्स-रे. मग फुप्फुस, हृदय, यकृत, मेंदू, सगळ्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली. मेंदू आधी फॉर्मॅलिनमध्ये घट्ट व्हावा लागतो, त्यातच दिवस जातात. रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी जंतूंसाठी, रक्त-लघवी विषारी द्रव्यांसाठी, डोळ्यातलं पाणी क्षारांसाठी. शिवाय रक्ताचे थेंब टिपकागदावर. काही बाळांना जन्मतः चरबी जाळून ऊर्जा करता येत नाही. एखाद्या लांबलेल्या रात्री किंवा किरकोळ आजारात दूध कमी जातं आणि साखर कोसळते. असं बाळ वरून धडधाकट, आत यकृत मात्र पिवळट आणि तेलकट. हे सापडलं तर तो सिड्स नाहीच, आणि पुढच्या भावंडाचा जीव वाचतो.

नवखा_बाबा

आमचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. हा धागा रात्री अडीचला वाचतोय आणि दर पाच मिनिटांनी त्याच्या छातीवर हात ठेवून बघतोय. पायात घालायचा ऑक्सिजन मोजणारा मोजा मिळतो म्हणे. घेऊ का?

चष्मा

नवखा_बाबा, आधी झोपा थोडं. दमलेला बाप सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डुलकी काढतो, तो धोका मोठा आहे.

मोजा घेतल्याने सिड्स टळतो असा पुरावा नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना त्यासाठी घरगुती मॉनिटर वापरू नका असंच सांगते. करायचं ते इतकं साधं आहे की विकता येत नाही: प्रत्येक झोपेला उताणं. टणक, सपाट गादी. कॉटमध्ये उशी, रजई, सॉफ्ट टॉय काही नको. बाळ तुमच्या खोलीत, पण स्वतःच्या जागेवर. घरात धूर नको. जास्त कपडे नकोत, डोकं झाकू नका. आईचं दूध आणि झोपताना चोखणी, दोन्हींमुळे धोका घटलेला दिसतो.

या मॉनिटरच्या नादाची कुळकथा वाचण्यासारखी आहे. १९७२ मध्ये आल्फ्रेड स्टाइनश्नायडर या अमेरिकन डॉक्टरांनी एक निबंध लिहिला: सिड्सची बाळं झोपेत वारंवार श्वास थांबवतात, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवलं तर वाचवता येतील. त्याचा कणा होता एकाच कुटुंबातली दोन भावंडं. त्या घरातली तीन मुलं आधीच गेली होती, ही चौथी आणि पाचवी. दोघं रुग्णालयात मॉनिटरला जोडलेली होती आणि घरी गेल्यावर लवकरच दगावली. पुढची वीस वर्षं घरोघरी यंत्रं लागली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या एका सरकारी वकिलाने तो निबंध वाचून त्या कुटुंबाचा माग काढला, आणि १९९४ मध्ये आई वनीटा हॉइट हिला अटक झाली. पाचही मुलं तिने गुदमरवून मारली होती. १९९५ मध्ये ती दोषी ठरली.

तिरकस

चष्मा, मग झालं की. भाओजींना राग आला तरी तो प्रश्न बरोबरच होता. "आधी कुठलं मूल गेलंय का?" एका घरात दोन-तीन मुलं अशी जात नाहीत.

बेरीज_वजाबाकी

तिरकस, अगदी याच वाक्यावर बाया तुरुंगात गेल्या आहेत.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क ही वकील होती. तिचा पहिला मुलगा १९९६ मध्ये गेला, दुसरा १९९८ मध्ये. १९९९ मध्ये दोन्ही खुनांसाठी जन्मठेप. खटल्यात नामवंत बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत आकडा सांगितला: अशा सुस्थितीतल्या, सिगरेट न ओढणाऱ्या घरात एक सिड्स होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १. दोन होण्याची? ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत १.

आकडेमोड बरोबर, गणित चूक. गुणाकार चालतो तो दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल तर. फासे टाकताना चालतो. एकाच आईबापांची, एकाच घरातली, एकाच रक्ताची मुलं म्हणजे फासे नव्हेत. एक मूल गेलेल्या घरात दुसऱ्याचा धोका वाढलेलाच असतो, कारण जे काही पहिल्याला नडलं ते घरातच किंवा जनुकांतच असू शकतं.

दुसरी चूक जास्त घातकी. ७ कोटींत १ ही 'दोन सिड्स होण्याची' शक्यता म्हणून सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी ती 'बाई निर्दोष असण्याची' म्हणून ऐकली. अरे, पण आईने आपली दोन तान्ही मुलं मारणं हेही दुर्मिळच आहे ना? तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ते ठेवायला नको? दोन मुलं मेली आहेत हे घडून गेलंय. आता दोन दुर्मिळ गोष्टींपैकी कोणती कमी दुर्मिळ, एवढाच प्रश्न उरतो. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर पत्रक काढून या आकड्यावर आक्षेप घेतला.

तिची सुटका मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीने झाली. धाकट्याच्या शवविच्छेदनातले जंतू-तपासणीचे अहवाल, ज्यात स्टॅफिलोकॉकस हा जंतू सापडला होता, पॅथॉलॉजिस्टने बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते. २००३ मध्ये शिक्षा रद्द. २००७ मध्ये ती दारूने गेली, वय ४२.

सूक्ष्मदर्शी

बेरीजरावांना अनुमोदन, आणि माझ्या धंद्याची शरम म्हणून भर घालतो. ऑस्ट्रेलियातली कॅथलीन फोल्बिग. १९८९ ते १९९९ मध्ये चार मुलं गेली, २००३ मध्ये शिक्षा. पुरावा म्हणून तिच्या डायरीतली अपराधी वाक्यं वाचून दाखवली गेली. मूल गेलेल्या आईच्या डायरीत दुसरं काय असणार? पुढे कॅरोला विनुएसा आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली. दोन्ही मुलींमध्ये कॅल्मोड्युलिन या प्रथिनाच्या एका जनुकात आईकडून आलेला दोष निघाला. असल्या दोषाने हृदयाचा ठोका अचानक बिघडू शकतो. जून २०२३ मध्ये माफी, डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द. वीस वर्षं आत होती.

हॉइट आणि फोल्बिग. तिरकस, कुटुंबातल्या मृत्यूंची यादी दोन्हींची सारखी दिसते. यादीवरून ठरवणारा एकीकडे फसला आणि दुसरीकडेही.

थोडं अवांतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या पूर्वसुरींना खात्री होती की ही बाळं मोठ्या थायमसने श्वासनलिका दाबून मरतात. कारण त्यांनी पाहिलेल्या इतर बाळांचा थायमस छोटासा असायचा. पण ती इतर बाळं दीर्घ आजाराने, कुपोषणाने गेलेली होती, आणि आजारात थायमस आक्रसतो. धडधाकट बाळाचा थायमस कसा असतो हे फार थोड्यांनी पाहिलं होतं. मग काय, 'मोठा' थायमस बारीक करायला निरोगी बाळांच्या गळ्या-छातीवर क्ष-किरण सोडले. त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. मी विद्यार्थ्यांना सिड्स शिकवायला याच गोष्टीने सुरुवात करायचो.

सत्यशोधी

सगळे मुद्दा टाळताहेत. दोन महिन्यांना लस, चार महिन्यांना लस, आणि मृत्यू कधी? दोन ते चार महिन्यांत. ज्याचं त्याने समजावं.

बेरीज_वजाबाकी

सत्यशोधी, याच वयात बाळं मान धरायला लागतात आणि आया कामावर परतायला लागतात. तेही जोडा यादीत.

लस बंद न करता हे मृत्यू कोसळले, याचं काय करायचं? अमेरिकेत १९९० मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे १३० सिड्स नोंदले जात. १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पालथं झोपवू नका म्हटलं, १९९४ मध्ये मोहीम निघाली. आता तो आकडा ४० च्या आसपास आहे. त्याच काळात लसी वाढल्या. ब्रिटनमध्ये १९९१ च्या डिसेंबरात मोहीम सुरू झाली. तिचा चेहरा होती अॅन डायमंड ही टीव्ही निवेदिका, त्याच वर्षी तिचा मुलगा असा गेला होता. तिथेही काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी.

राग यायचाच असेल तर याचा येऊ द्या: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालथं झोपवा हे डॉक्टरच सांगत होते. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की १९७० पर्यंतच्या आकड्यांतच धोका स्पष्ट होता. वेळेवर बेरीज केली असती तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून पन्नास हजारांहून जास्त बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा हिशोब.

रानजाई

सूक्ष्मदर्शी, धन्यवाद, माझा बरोबर उलटा समज होता. पण काही वर्षांपूर्वी 'सिड्सचं कारण सापडलं' अशी बातमी फिरत होती ना? रक्तातलं काहीतरी?

सूक्ष्मदर्शी

२०२२ ची, ऑस्ट्रेलियातली. जन्मतः घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत, पुढे सिड्सने गेलेल्या बाळांचं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम सरासरीने कमी आढळलं. बाळं अगदी थोडी, आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले. धागा धरून पुढे जाण्यासारखं काम, चाचणी नव्हे. मथळे लिहिणाऱ्यांनी घोळ केला.

जास्त भक्कम काम हॅना किनी यांचं आहे. त्यांनी अशा बाळांचे मेंदूदेठ वर्षानुवर्षं तपासले. श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या भागात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची यंत्रणा बऱ्याच जणांत कमकुवत निघाली. आपलं तोंड झोपेत पांघरुणात अडकलं, सोडलेलाच श्वास पुन्हा आत येऊ लागला, तर आपण दचकून मान फिरवतो. त्या बाळाला तो दचका येत नाही. १९९४ मध्ये फिलियानो आणि किनी यांनी तीन वर्तुळांचं चित्र मांडलं: आतून दुबळं बाळ, पहिल्या सहा महिन्यांचं नाजूक वय, आणि बाहेरून आलेला ताण, जसं पालथं झोपणं, धूर किंवा उकाडा. तिन्ही एकावर एक आली की मृत्यू. पहिलं वर्तुळ आज जिवंत बाळात दिसत नाही. तिसरंच काय ते आपल्या हातात.

पाणकोंबडी

इतके दिवस नुसती वाचत होते. लॉग-इन करायला पासवर्ड आठवेना.

माझा मुलगा एकोणीस वर्षांपूर्वी असाच गेला. दोन महिने नऊ दिवस. कोणी बाहुली घेऊन आलं नाही. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यात टॉर्च मारला आणि दहा मिनिटांत कागदावर 'हृदयक्रिया बंद' असं लिहिलं. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद होते. सासूबाई म्हणाल्या, तेवढंच आयुष्य घेऊन आला होता. कॉट त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली.

त्याच्या डोक्याखाली मी मोहरीची उशी ठेवायचे. त्या रात्री होती की बाजूला काढली होती, हे मी एकोणीस वर्षं आठवतेय. कधी आठवतं होती. कधी आठवतं नव्हती. त्या दिवशी कोणीतरी मला विचारलं असतं, हातात काहीतरी देऊन दाखव म्हटलं असतं, फोटो काढला असता, तर आज तो फोटो असता. मला कोणी विचारलंच नाही.

अर्धविराम, भाओजींचा राग मला कळतो. पण हेही त्यांना वाचायला द्या.

तिरकस

पाणकोंबडी, माफ करा. माझा वरचा प्रतिसाद काढता येत नाहीये, संपादनाची मुदत संपली.

अर्धविराम

पाच आठवड्यांनी परत येतोय. पाणकोंबडी, तुमचा प्रतिसाद भाओजींनी वाचला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या तपास करणाऱ्या बाईंना फोन लावला आणि फोटोंच्या प्रती मिळतील का विचारलं.

अहवाल आला. संसर्ग नाही, इजा नाही, विषारी काही नाही, चयापचयाचा दोष नाही. कारण म्हणून 'सिड्स' लिहिलेलं नाही. लिहिलंय 'अनिर्धारित', आणि खाली, पालथ्या स्थितीत, तोंड गादीकडे. ताई कोसळली. सिड्स म्हटलं असतं तर एक नाव तरी मिळालं असतं म्हणाली. हे म्हणजे संशय ठेवला, असं तिला वाटतंय. सूक्ष्मदर्शी, असं का?

सूक्ष्मदर्शी

संशय नाही. तोंड गादीकडे सापडलं, म्हणजे गुदमरणं 'झालं' असंही म्हणता येत नाही आणि 'झालं नाही' असंही नाही. अशा वेळी आजचे बरेच पॅथॉलॉजिस्ट 'अनिर्धारित' लिहितात. वीस वर्षांपूर्वी माझ्यासकट सगळ्यांनी याच फाइलवर सिड्स लिहिलं असतं. सिड्सचे आकडे घटलेत त्यातला काही भाग असा नुसता रकाना बदलल्यामुळे आहे. म्हणून अभ्यास करणारे आता सिड्स, अंथरुणातलं गुदमरणं आणि अनिर्धारित हे तिन्ही एकत्र मोजतात. अमेरिकेत ती बेरीज वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास आहे.

साडेतीन महिन्यांच्या आसपास काही बाळं पहिल्यांदा पालथी व्हायला शिकतात. रोज पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही, उताणं झोपायची सवय असून पहिल्यांदाच पालथं पडलेल्या बाळाला धोका जास्त असतो. वळता येतं, पण तोंड अडकलं तर मान उचलून फिरवायचा सराव नसतो. यात ताईंनी करायचं राहिलं असं मला काही दिसत नाही. हृदयाच्या जनुकांसाठी नमुना ठेवलाय का ते विचारा, आणि ताई-भाओजी दोघांचा ईसीजी काढून घ्या.

अर्धविराम

नमुना ठेवलाय. ईसीजी सोमवारी.

ताई आत्ता शेजारी बसून धागा वाचतेय, पहिल्यापासून. मी वर 'कॉटमध्ये ठेवली' एवढंच लिहिलंय, ते तिला पुरेसं वाटत नाहीये. म्हणते, उताणी ठेवली होती, तसं लिही. फोटोत आहे म्हणते.

उताणी ठेवली होती.